अंगावरून गेलेलं वारं

धडधाकट माणसाचा एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला की आपल्याकडे म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं.’ कोकणात आमच्या मोहल्ल्यातली जुनी माणसं त्यालाच ‘फालिज’ म्हणायची. नुसतं तोंड वाकडं झालं तर ‘लकवा’. वैद्यबुवा यायचे ते ‘पक्षाघात’ म्हणायचे आणि वाताच्या विकारांत त्याची गणती करायचे. वात म्हणजे पुन्हा वाराच. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. शास्त्र शिकलो नाही, पण एखादा शब्द मनात अडकला की त्याचा माग काढत जायची खोड आहे. शरीराच्या हालचालीचा आणि वाऱ्याचा संबंध आला कुठून, आणि आज तो कुठे येऊन ठेपला आहे, याचा माग काढताना मी आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या टोकाला, काचेच्या बाटलीतल्या चिलटांपाशी जाऊन पोहोचलो. त्या वाटेची ही हकीकत.

वाऱ्याची कल्पना एकट्या आपली नाही. चरकसंहितेत शरीराच्या सगळ्या हालचाली वायूकडे सोपवलेल्या आहेत. ग्रीकांकडे ‘न्यूमा’ होता, म्हणजे श्वासही आणि चैतन्यही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गॅलेन हा वैद्य रोमन आखाड्यात झुंजणाऱ्या माणसांच्या जखमा बांधायचा. त्यानं भर सभेत डुकराच्या आवाजाच्या नसा आवळून दाखवल्या. डुक्कर धडपडत राहिलं, पण त्याचं ओरडणं थांबलं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कोणत्या ठिकाणी कापला तर कोणता भाग निकामी होतो, हेही त्यानं प्राण्यांवर पाहून ठेवलं. म्हणजे हालचालीचा हुकूम मेंदूतून निघतो आणि नसांतून जातो, हे त्याला समजलं होतं. नसांतून नेमकं जातं काय, याचं त्याचं उत्तर मात्र होतं न्यूमा, एक प्रकारचा सूक्ष्म वारा.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इस्हाकनं गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले. १०२५च्या सुमारास इब्न सीनानं आपला ‘कानून’ पूर्ण केला. त्यात न्यूमाच्या जागी ‘रूह’ आली. अरबीत रूह म्हणजे प्राण आणि रीह म्हणजे वारा, आणि हे दोन्ही शब्द एकाच धातूचे. पुढे हाच ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातले विद्यार्थी शतकानुशतकं त्यावर पोसले गेले. वैद्य, हकीम आणि युरोपातला डॉक्टर यांच्या भाषा वेगळ्या, औषधं वेगळी. पण माणूस हलतो तो आतल्या वाऱ्याच्या जोरावर, याबद्दल तिघांचं एकमत. याला खुळेपणा म्हणता येणार नाही. श्वास थांबला की हालचाल थांबते, हे तर कुणालाही दिसतं. त्यांनी दिसणाऱ्या गोष्टीवरून तर्क केला होता.

पण तर्काला घरात किंमत मोजावी लागते. माझ्या फुफीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी शाळेत होतो. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेलं. कुणी लसणीचं तेल सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. दंडावर ताईत आला. आणि पुन्हा वारं लागू नये म्हणून तिच्या खोलीची खिडकी बंद झाली, ती सात वर्षं बंद राहिली. अधूनमधून तिचा तोच निकामी पाय आपोआप झटका देऊन ताठ व्हायचा. बायका एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, वारं परत येतंय. ते परत आलं नाही. हात-पाय हलवून घेण्याचा व्यायाम असतो, हे कुणी सांगितलं नाही, कारण गेलेल्या वाऱ्याला व्यायाम कसला? एका शब्दानं आजाराला नाव दिलं आणि त्याच शब्दानं पुढची विचारपूस बंद केली.

वाऱ्याला पहिला धक्का दिला तो एका बेडकाने. सतराव्या शतकात युरोपात समजूत अशी होती की मज्जातंतू म्हणजे पोकळ नळ्या. त्यांतून काहीतरी वाहत येतं, स्नायूत भरतं आणि स्नायू भात्यासारखा फुगतो. हॉलंडच्या यान स्वामरडाम यानं १६६०च्या दशकात बेडकाच्या मांडीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून काचेच्या नळीत बंद केला. नळीचं टोक अगदी निमुळतं, आणि त्यात पाण्याचा एक थेंब. स्नायू खरोखर फुगत असेल तर तो थेंब वर सरकायला हवा. स्वामरडामनं मज्जातंतू चिमटला. स्नायू आकसला. थेंब वर गेला नाही. म्हणजे बाहेरून काहीही आत भरलं नव्हतं. एका थेंबानं दीड हजार वर्षांच्या समजुतीला तडा दिला. पण स्वामरडाम १६८०मध्ये गेला आणि त्याचं हे काम छापून यायला १७३७ साल उजाडलं.

वारा नाही, तर मग काय? उत्तराचा पहिला धागा पुन्हा बेडकाच्याच पायात सापडला. इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी यानं पाहिलं की, जवळच्या यंत्रातून विजेची ठिणगी उडते त्याच क्षणी मज्जातंतूला चाकूचं टोक लागलं, तर मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो. १७९१मध्ये त्यानं जाहीर केलं की प्राण्यांच्या अंगातच वीज असते. त्याचा देशबांधव व्होल्टा म्हणाला, वीज प्राण्यात नाही. तू ज्या दोन धातूंनी पाय जोडलास, त्या धातूंत ती आहे. या वादातून १८०० साली व्होल्टानं पहिली बॅटरी तयार केली. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये जी बॅटरी आहे, तिची पणजी बेडकाच्या पायावरच्या भांडणातून जन्मली, असं म्हणायला हरकत नाही. गंमत अशी की दोघंही बरोबर होते. धातूंत वीज होतीच, आणि बेडकातही होती.

मग जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं १८५०च्या सुमारास या निरोपाचा वेग मोजला. त्याच्या गुरूला वाटत होतं की तो मोजणं माणसाच्या हातचं नाही. हेल्महोल्ट्झनं बेडकाच्या मज्जातंतूला एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा दूर टोचलं आणि स्नायू हलायला लागलेल्या वेळांतला फरक काढला. उत्तर आलं, सेकंदाला सुमारे २७ मीटर. म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. आपल्या फास्ट लोकलइतका. तारेतल्या विजेच्या मानानं हा वेग फारच कमी. तेव्हा मज्जातंतूत वीज आहे खरी, पण ती तारेतल्यासारखी धावत नाही, एवढं नक्की झालं.

ती कशी चालते, हे सांगितलं माकुळानं. ससून डॉकला पहाटे गेलात तर टोपल्यांत माकूळ दिसेल, तोच. माकुळाला धोका जाणवला की तो अंगातलं पाणी एका झटक्यात मागे फेकतो आणि बाणासारखा उलटा सुटतो. त्यासाठी अंगाभोवतीचे सगळे स्नायू एकाच क्षणी आवळले जायला हवेत. म्हणून त्याला काही मज्जातंतू अतिशय जाड मिळाले आहेत, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे. जाड तंतूतून निरोप लवकर जातो. माणसाचा तंतू इतका बारीक असतो की त्या काळी त्याच्या आत तार घालणं शक्यच नव्हतं. माकुळाच्या तंतूत ते जमलं. १९३९मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी ते करून दाखवलं. मधे महायुद्ध आलं. १९५२मध्ये त्यांनी पूर्ण हिशेब मांडला. तंतूच्या पातळ आवरणातून सोडियमचे कण आत घुसतात, पाठोपाठ पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही उलथापालथ एका जागेवरून पुढच्या जागेवर सरकत जाते. बाजारातल्या गर्दीत एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला कोपर मारावं तसं. १९६३मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आवरणात दारं असली पाहिजेत आणि ती उघडत-मिटत असली पाहिजेत, हे या हिशेबातून निघत होतं. दार मात्र अजून कुणी पाहिलं नव्हतं.

हा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी येऊन थांबतो. पुढे स्नायू आहे, पण मधे एक अतिसूक्ष्म फट आहे. ती ओलांडायला तंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं, ते स्नायूवर पोहोचतं आणि मग स्नायू आकसतो. इथे काय घडू शकतं, हे आमच्या भागातल्या माणसाला मण्यार शिकवते. मी दिंडोशीला राहतो. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला आरे आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. रानाला लागून असलेल्या पाड्यांवर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. कधी कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास अडतो. मेंदू जागा असतो, स्नायू धड असतात. मण्यारीच्या विषानं फक्त तंतूचं टोक निकामी केलेलं असतं. नाग दुसऱ्या बाजूनं अडवतो. त्याचं विष स्नायूवरची रसायन घेण्याची जागाच व्यापून बसतं. परळच्या हाफकिनमध्ये सर्पविषावरची लस अनेक दशकं तयार होत आली आहे. पण मण्यारीनं तंतूचं टोक एकदा बिघडवलं की नवं टोक फुटेपर्यंत माणसाला यंत्रानं श्वास द्यावा लागतो. तो वेळेत मिळाला, तर माणूस उठून घरी जातो. म्हणून आधी मांत्रिक नको, आधी दवाखाना.

आता जरा पोहण्याकडे वळू. पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर वाणी नावाचा किडा येतो. मुलं त्याला पैसा म्हणतात, कारण हात लावला की तो गोल वेटोळं करतो. तो चालताना त्याच्या असंख्य पायांतून एक लाट मागून पुढे जाताना दिसते. आरेच्या तळ्यात दिवड पोहताना मी पाहिली आहे. तिच्या अंगातूनही लाटच जाते, पण डोक्याकडून शेपटीकडे. मासाही असाच पोहतो. डावीकडचा स्नायू आवळला की उजवीकडचा सैल पडतो, मग उजवीकडचा आवळतो, आणि ही अदलाबदल मणक्या-मणक्यानं मागे सरकत जाते. पाण्याला मागे रेटत रेटत मासा पुढे जातो. इतक्या स्नायूंना पाळी कोण वाटून देतं? मेंदू प्रत्येक स्नायूला वेगळा हुकूम देत असेल, असं आपल्याला वाटतं. पण भिंतीवरची पाल पळताना शेपूट टाकून जाते आणि ते शेपूट फरशीवर वळवळत राहतं, हे प्रत्येक घरानं पाहिलेलं आहे. त्या शेपटाला मेंदू कुठे आहे?

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनी धसाला लावला. १९११मध्ये ब्रिटनच्या ग्रॅहम ब्राऊननं मांजरावर दाखवलं की मेंदूपासून तोडलेला मज्जारज्जूदेखील चालण्याचा ताल धरू शकतो. पुढे स्टॉकहोमच्या स्टेन ग्रिल्नर यांनी लॅम्प्रे हा वामसारखा लांबट, जबडा नसलेला मासा घेतला. त्याचा नुसता मज्जारज्जू काढून खारट पाण्यात ठेवला आणि त्यात थोडं चेतवणारं रसायन टाकलं. बशीत ना मासा, ना स्नायू. तरीही त्या रज्जूतून डावा-उजवा, डावा-उजवा असे विजेचे ठोके निघत राहिले आणि ते डोक्याकडून शेपटीकडे सरकत राहिले. डाव्या बाजूच्या पेशी जाग्या झाल्या की त्या उजव्या बाजूला गप्प बसवतात. त्या थकल्या की उजव्या जाग्या होतात आणि डाव्यांना गप्प करतात. पोहण्याचा ताल रज्जूतच बांधलेला आहे. मेंदू सांगतो ते एवढंच, चल, थांब, वळ, जोरात. फुफीचा पाय आपोआप झटका द्यायचा त्याचा अर्थ इथे लागतो. ते वारं परत येत नव्हतं. मेंदूचा निरोप तुटला होता, पण खालचा मज्जारज्जू जिवंत होता आणि लगाम सुटल्यासारखा आपल्या मर्जीनं हलत होता.

आता कुलाबा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची समुद्राकाठची इमारत १९६२ साली उभी राहिली आणि त्याच वर्षी होमी भाभांच्या निमंत्रणावरून तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. भौतिक आणि गणिताच्या त्या घरात जीवशास्त्राचा पाट मांडायला आले ते ओबेद सिद्दिकी. जन्म १९३२चा, उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला. शिक्षण अलीगढला आणि ग्लासगोला. सुरुवातीला त्यांचं काम जिवाणूंच्या आनुवंशिकतेवर होतं. सत्तरच्या दशकात ते कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्याकडे गेले आणि चिलटांच्या नादाला लागले.

चिलट म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी ती बारकी लालसर डोळ्यांची माशी. बाटलीत मक्याचं पीठ, साखर आणि यीस्टची लापशी घातली की तिचा संसार चालतो, आणि दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार. बेन्झर यांचं म्हणणं असं की, एखादी वागणूक समजून घ्यायची तर ती बिघडलेला प्राणी शोधा. बिघाड ज्या जनुकात असेल, ते जनुक त्या वागणुकीचा एक खिळा आहे. १९७१मध्ये कॅनडातल्या डेव्हिड सुझुकी यांच्या गटाला अशी एक विलक्षण माशी सापडली. २२ अंशांना ती इतर माश्यांसारखी चालते, उडते. २९ अंशांना धाडकन पडते आणि निपचित होते. पुन्हा थंड करा, लगेच उभी राहते. तिचं नाव पडलं ‘पॅरा’. त्याच गटाला मिळालेल्या दुसऱ्या माशीचं नाव ‘शिबिरे’. जपानीत त्याचा अर्थ बधिर होणं. सिद्दिकी आणि बेन्झर यांनी आणखी एक शोधली. ती गरम केली की पडते, पण थंड केल्यावर चटकन उठत नाही, बराच वेळ पडून राहते. तिला त्यांनी ‘कोमाटोज’ म्हटलं.

एका जाहीर प्रात्यक्षिकात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काचेची नळी कोमट पाण्यात धरली. आतल्या माश्या एकेक करून तळाला पडल्या. नळी बाहेर काढली. त्या पाय झाडत उठल्या आणि काचेवर चढू लागल्या. शेजारची एक बाई पटकन म्हणाल्या, ‘अगबाई, अंगावरून वारं जाऊन परत आलं!’ सगळे हसले. पण त्यांनी शास्त्रज्ञांचाच मुद्दा नेमका पकडला होता. अपघातानं लुळा पडलेला प्राणी आपल्याला फक्त नंतरचा मिळतो. इथे तीच माशी, तेच अंग. आधीचं आणि नंतरचं दोन्ही हातात. मग विचारता येतं, त्या सात अंशांत नेमकं काय अडलं?

१९७६मध्ये सिद्दिकी आणि बेन्झर यांनी या माश्यांच्या उडण्याच्या स्नायूंत सूक्ष्म तारा घालून केलेलं काम प्रसिद्ध केलं. निष्कर्ष असा की स्नायू शाबूत आहे. बिघाड मज्जातंतूच्या कारभारात आहे. हा फरक मोठा आहे. पडलेली माशी निकामी झालेली नव्हती. एका ठिकाणी निरोप अडला होता, बाकी सगळं जागेवर होतं. पुढे १९८९मध्ये अमेरिकेत पॅरा जनुक वाचलं गेलं, आणि ते निघालं सोडियमच्या दाराचं जनुक. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या हिशेबातून ज्या दारांची गरज दाखवली होती, त्यातलंच एक. पॅरा माशीत दार घडवणारं प्रथिन जरा कच्चं असतं. उष्णता वाढली की त्याचा कारभार बंद पडतो, निरोप जागच्या जागी थांबतो. घरात डासांसाठी आपण जी द्रवाची बाटली लावतो, तिच्यातलं औषधही कीटकाच्या याच दारावर काम करतं, पण उलटं: ते दार उघडंच अडकवून ठेवतं. फवारा मारल्यावर झुरळ उताणं पडून पाय झाडत राहतं, ते त्यामुळे.

शिबिरेची गोष्ट वेगळी. मज्जातंतूच्या टोकाशी रसायन छोट्या छोट्या पिशव्यांत भरलेलं असतं. निरोप आला की पिशवी फुटते, रसायन बाहेर पडतं, आणि रिकामी पिशवी पुन्हा आत ओढून भरावी लागते. मुंबईकराला हे समजवायला डबेवाल्यापेक्षा चांगला दाखला नाही. दुपारी रिकामे डबे घरोघरी परत गेले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी हपिसात जेवण जायचं कसं? गरम झालेल्या शिबिरे माशीत परतीचे डबे अडकतात. आहेत तेवढे भरलेले संपले की सगळं ठप्प. हे डबे सोडवून आणणाऱ्या प्रथिनाला डायनामिन म्हणतात. शिबिरे हे त्याचंच जनुक, हे १९९१मध्ये कळलं. कुलाब्यात के. एस. कृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं याच माश्यांच्या मागे होते. डायनामिनला लागणारं इंधन कोण पुरवतं, त्या प्रथिनाचा माग त्यांनी परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर काढला. ते काम २००१मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी १९९०मध्ये कृष्णन यांनी अमेरिकेतल्या हॉवर्ड नॅश यांच्याबरोबर अशा माश्या शोधल्या होत्या, ज्यांच्यावर ऑपरेशनच्या वेळी वापरायच्या हॅलोथेन या भुलीचा परिणाम नेहमीसारखा होत नव्हता. भूल देऊन माणसाला तात्पुरतं निश्चल करणं रोजचं झालं आहे. ती नसांत नेमकी कुठे बसते, हा प्रश्न अशा माश्यांमुळे जनुकांपर्यंत नेता आला.

सिद्दिकी पुढे बंगळुरूला गेले, तिथलं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनी उभं केलं. २०१३मध्ये ते गेले, त्यानंतरच्या वर्षी कृष्णन गेले. सिद्दिकींच्या विद्यार्थिनी, मूळच्या गोव्याच्या घराण्यातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज, ज्यांनी माशीच्या चवीचा आणि वासाचा अभ्यास कुलाब्यातच उभा केला, त्या २०१०मध्येच गेल्या होत्या. त्यांची नावं रस्त्यांना नाहीत. पण ऑक्टोबर २०२४मध्ये चिलटाच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा जगापुढे आला, सुमारे १,४०,००० पेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून अधिक जोड, तेव्हा त्या नकाशामागच्या लांबलचक वाटेवर मुंबईच्या या बाटल्याही होत्या, एवढं आपण लक्षात ठेवायला हवं. माशीच्या दारासारखीच दारं माणसाच्या नसांतही आहेत. दाताच्या डॉक्टरचं बधिर करणारं इंजेक्शन सोडियमचं दारच बंद करतं, आणि लहान मुलांच्या काही अपस्मारांचं मूळ याच दाराच्या जनुकात सापडलं आहे.

याच कुलाब्यात नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झालेला एक तरुण जवान तिथे उपचारांसाठी आला होता. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. आधी मुष्टियोद्धा. गोळी पाठीच्या कण्यात रुतलेली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. हाताचे मज्जातंतू मानेतल्या आणि छातीच्या अगदी वरच्या मणक्यांपाशी निघतात. गोळी त्यांच्या खाली होती. पायांकडचा रस्ता तुटला होता, हातांकडचा मोकळा होता, आणि अंगाचा भार पाणी उचलत होतं. १९७२मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. विश्वविक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना पाण्यात उतरवणाऱ्या माणसानं काय गेलं याचा हिशेब मांडला नाही. कुठे अडलं आहे आणि काय मोकळं आहे, ते पाहिलं. सिद्दिकींनी माशीला जे विचारलं, तेच.

तुटलेल्या रस्त्याच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, हे लॅम्प्रेनं शिकवलं होतं. त्यावर विश्वास ठेवून स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये पूर्ण लुळे पाय असलेल्या तीन माणसांच्या मज्जारज्जूवर विजेचे बारीक पट्टे बसवले. त्यांना आधार धरून उभं राहता आलं, पावलं टाकता आली, पाण्यात पाय मारता आले. यंत्र बंद केलं की मात्र बरंचसं थांबतं. हा उपचार अजून सर्वांसाठी नाही. उगाच आशा दाखवायची नाही. पण वारं गेलं म्हणून खिडकी बंद करायचे दिवस संपले, एवढं म्हणता येईल.

घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं, तर बहुतेक वेळा मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली असते, काही वेळा फुटलेली असते. यातलं कोणतं, हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यासाठी स्कॅन लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हात वर धरल्यावर एक खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी तेल शोधायला जाऊ नका. स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. आणि निघताना घड्याळात पाहा. तिथे दारातच डॉक्टर विचारतील, ‘हा माणूस शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला होता?’ त्याचं उत्तर घरातल्या कुणाला तरी ठाऊक असलं पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)